नोकरी राहिली, झोप गेली

कंपनीत कपात झाली की मोहल्ल्यात बातमी लगेच पसरते. ज्याची नोकरी गेली त्याच्या घरी लोक जातात, धीर देतात. कुणी दुसरीकडे शब्द टाकतो, कुणी महिन्याचे रेशन भरून देतो. हे व्हायलाच हवे. पण त्याच खात्यात, शेजारच्या मशीनवर काम करणारा जो माणूस कामावर राहिला, त्याच्या घरी कोणी जात नाही. गेलेच तर मुबारकबाद द्यायला जातात. "तुझी राहिली ना? मग शुक्र कर!" तोही मान हलवतो, शुक्र अदा करतो आणि रात्री दोन वाजता छताकडे बघत पडून राहतो.

हा लेख त्या दुसऱ्या माणसाबद्दल आहे.

जुलै २०२५ मध्ये टीसीएस या कंपनीने जाहीर केले की आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी ती कमी करणार. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर चर्चा झाली ती या बारा हजारांची. कंपनीत तेव्हा सहा लाखांहून अधिक माणसे होती आणि ती बातमी त्या सर्वांनी वाचली. 'त्या बारा हजारांत आपण आहोत का?' हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात आला असणार. आपले नाव यादीत नाही हे कळल्यावरही असा प्रश्न सुटत नाही. तो पुढच्या तिमाहीवर ढकलला जातो, एवढेच.

या अवस्थेला नाव आहे

१९८० नंतर अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमी करायला सुरुवात केली. ज्यांना काढले त्यांच्या हलाखीवर बरेच लिहिले गेले. डेव्हिड नोअर या सल्लागाराचे लक्ष मात्र मागे राहिलेल्यांकडे गेले. १९९३ मध्ये त्यांचे 'हीलिंग द वून्ड्स' हे पुस्तक आले. त्यात त्यांनी या अवस्थेला 'ले-ऑफ सर्व्हायव्हर सिकनेस' म्हटले. सर्व्हायव्हर म्हणजे अपघातातून वाचलेला. बस दरीत कोसळते, चाळीसपैकी दहा जण वाचतात. वाचलेला माणूस घरी येतो, पण 'मीच का वाचलो?' हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही. कपातीनंतर कामावर राहिलेल्यांच्या मनात नोअर यांना हेच दिसले. पुढचा नंबर आपला ही धास्ती, साहेबांवरचा आणि कंपनीवरचा राग, गेलेल्या सोबत्यांचे दुःख, आपण राहिलो याचा अपराधी भाव आणि कोणावरही विश्वास न बसणे.

नोअर यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. ही माणसे आपल्याला काही होत आहे हेच कबूल करत नाहीत. आणि जो जितका वरच्या पदावर, तितका तो 'मी ठीक आहे' असे अधिक ठामपणे सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पालकसभेला सातवीतल्या एका मुलाचे वडील आले होते. मुलाचे वर्गात लक्ष नाही म्हणून मी त्यांना बोलावले होते. ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनवण्याच्या लाइनवर काम करतात. मुलाबद्दल दोन शब्द झाले आणि ते स्वतःबद्दलच बोलू लागले. "टीचर, लाइनवर आम्ही अकरा जण होतो. आता सात आहोत. माल तेवढाच निघतो." मग थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "ज्याला काढलं तो माझ्याच गल्लीत राहतो. नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. आता तो समोरून येताना दिसला की मी वाट बदलतो. त्याला काय तोंड दाखवू? घरी बोललो तर अम्मी म्हणते, नाशुक्री करू नको, तुझा चुलीवरचा हंडा तरी शाबूत आहे."

अम्मीचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्या एका वाक्याने मुलाला घरात बोलायला जागा उरली नाही, हेही खरे.

फिनलंडमध्ये जे मोजले गेले

हे सगळे मनाचे खेळ आहेत, चार दिवसांत माणूस सावरतो, असे कोणी म्हणेल. त्यांनी फिनलंडमधला अभ्यास पाहावा.

१९९० नंतर या छोट्या देशावर मोठे आर्थिक संकट आले. शेजारचा सोव्हिएत संघ कोसळला आणि त्याच्याशी असलेला व्यापार बसला. १९९० मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी चार वर्षांत १६ टक्क्यांवर गेली. नगरपालिकांचे उत्पन्न घटले, त्यांनीही माणसे कमी केली. रायसिओ नावाच्या एका गावात संशोधकांनी नगरपालिकेच्या ९८१ कर्मचाऱ्यांची १९९१ ते १९९५ या काळातली माहिती तपासली. हे सर्व जण कामावर टिकलेले होते, एकाचीही नोकरी गेलेली नव्हती. ज्या ठिकाणी कपात मोठी, म्हणजे १८ टक्क्यांहून अधिक झाली, तिथे डॉक्टरांच्या दाखल्यावर घेतलेल्या दीर्घ आजारपणाच्या रजांचे प्रमाण, कपात ८ टक्क्यांहून कमी झालेल्या ठिकाणांच्या तुलनेत २.३ पट निघाले. हा अभ्यास १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे याच संशोधकांनी दहा गावांतल्या २२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. मोठी कपात झालेल्या ठिकाणी मागे राहिलेल्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका, कपात न झालेल्या ठिकाणांच्या दुप्पट आढळला. पहिल्या चार वर्षांत तर हा धोका आणखी जास्त होता. मनावरचा ताण किती खोल उतरतो, हे यावरून कळते.

असे का होते, हेही त्यांनी तपासले. तीन कारणे ठळकपणे पुढे आली. माणसे कमी होतात, पण काम कमी होत नाही. ते उरलेल्यांच्या अंगावर पडते. दुसरे, आपले काम कसे आणि कधी करायचे हे ठरवण्याची मुभा कमी होते. कालपर्यंत जो कारागीर स्वतःच्या गतीने काम करत होता, त्याला आज तीन ठिकाणी पळावे लागते. तिसरे कारण म्हणजे नोकरीची शाश्वती संपते. यांपैकी एक गोष्ट असेल तर माणूस ओढून नेतो. तिन्ही एकदम आल्या आणि वर्षभर टिकल्या तर शरीर हिशोब मागते.

भीतीने काम वाढते का?

काही मालकांना वाटते की चार जणांना काढले की उरलेले सरळ होतात. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक जोएल ब्रॉकनर यांनी मागे राहिलेल्या कर्मचाऱ्यांवर अनेक वर्षे संशोधन केले. नोकरीची थोडी काळजी असेल तर माणूस अधिक झटून काम करतो, असे त्यांना १९९२ च्या एका अभ्यासात आढळले. पण भीती फार वाढली की काम उलट घटते. आपण काहीही केले तरी जाणारच, असे ज्याला वाटते तो कशाला झटेल?

ब्रॉकनर यांच्या संशोधनातून दुसरी गोष्ट पुढे आली ती न्यायाची. कुणाला काढायचे हे कोणत्या नियमाने ठरले, ते आधी सांगितले का, जाणाऱ्याला माणुसकीने वागवले का, याकडे मागे राहिलेले बारकाईने बघत असतात. अन्याय झाला असे वाटले की त्यांचे मन कंपनीतून उठते, आणि गेलेल्याशी ज्यांचे जवळचे संबंध होते त्यांचे सर्वांत जास्त. आपल्याकडच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगारांसाठी एक तत्त्व होते. कपात करायची तर त्या प्रकारच्या कामात जो शेवटी लागला त्याला सर्वसाधारणपणे आधी काढावे, आणि वेगळे काही करायचे असेल तर कारण नोंदवावे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व आहे. नियम ठाऊक असला की मागे राहिलेला निदान 'कोणी कान भरले?' या संशयात जळत राहत नाही.

माणसांना जाणूनबुजून हैराण केले तर काय होते, याचे उदाहरण फ्रान्समध्ये घडले. 'फ्रान्स टेलिकॉम' ही पूर्वीची सरकारी दूरध्वनी कंपनी. तिच्यातले बहुसंख्य कर्मचारी सरकारी सेवेच्या नियमांखाली होते, त्यांना सहजासहजी काढता येत नव्हते. २००६ नंतरच्या तीन वर्षांत सुमारे १ लाख २० हजारांतून २२ हजार माणसे कमी करायचे कंपनीने ठरवले. मग लोकांनी स्वतःहून निघून जावे यासाठी दबाव सुरू झाला. वारंवार बदल्या, अशक्य टार्गेट, अनुभवी तंत्रज्ञाला भलत्याच कामाला लावणे. न्यायालयाने ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणे तपासली. त्यांपैकी १९ जणांनी आत्महत्या केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनी आणि तिच्या माजी प्रमुखासह काही अधिकाऱ्यांना मानसिक छळासाठी दोषी ठरवले. कंपनीच्या धोरणातून झालेला छळ हाही गुन्हा ठरू शकतो, हे या खटल्याने दाखवून दिले.

आपल्या आसपास

आपल्याकडे बीएसएनएल आणि एमटीएनएलमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये ५० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आली. ३१ जानेवारी २०२० रोजी, एकाच दिवशी, बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार आणि मुंबई-दिल्लीची सेवा पाहणाऱ्या एमटीएनएलमधून सुमारे १४ हजार माणसे बाहेर पडली. बीएसएनएलचा निम्मा कर्मचारीवर्ग कमी झाला. जाणाऱ्यांना ठरलेली रक्कम मिळाली, निरोपसमारंभ झाले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या रिकाम्या झालेल्या कार्यालयांत जे कामावर गेले, त्यांच्या मनाचा विचार करून पाहा. निवृत्ती स्वेच्छेची होती, पण मागे राहिलेल्याला आपल्या सोबत्यांचे जाणे स्वेच्छेने निवडता आले नव्हते. वर्षानुवर्षांच्या अनुभवाची माणसे एका दिवसात गेली की अडचण आल्यावर विचारायचे कोणाला, हा प्रश्न उरतो.

शिक्षकी पेशालाही हे नवीन नाही. दरवर्षी पटसंख्येवरून संचमान्यता होते. पट कमी भरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. मी पूर्वी जिथे शिकवत होते तिथे एका वर्षी दोन शिक्षिका अतिरिक्त ठरल्या. नोकरी कोणाची गेली नाही, पण दोघी दूरच्या गावी गेल्या. त्यानंतर आमच्या स्टाफरूमचा नूरच बदलला. सेवाज्येष्ठतेच्या यादीत पुढे कोण, हे प्रत्येकीला तोंडपाठ होते, पण कोणी उच्चारत नव्हते. एखादा पालक मुलाचा दाखला मागायला आला की सर्वांच्या नजरा ऑफिसकडे वळत, कारण एक मूल गेले की पट एकने कमी. दोन वर्ग एकत्र बसवून शिकवायचे, गेलेल्यांची कामे वाटून घ्यायची, वर आनंदी चेहऱ्याने गॅदरिंगही करायचे. संध्याकाळी घरी गेल्यावर स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास ठरलेलाच. मागे राहिलेली स्त्री असेल तर तिचे वाढलेले काम घरच्यांना दिसतही नाही.

आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या भावांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. खोलीतले चार जण परत गेले आणि एक राहिला, तर त्याला रात्री बोलायलाही कोणी नसते. कोकणातल्या घरी पैसे वेळेवर येतात, म्हणून सगळे ठीक आहे असे घरच्यांना वाटते. फोनवर तोही ठीक आहे असेच सांगतो.

घरात काय दिसते

अशा माणसाच्या वागण्यात घरच्यांना काही बदल दिसू लागतात. तो रजा घ्यायला घाबरतो, ताप असला तरी कामावर जातो. सुट्टीच्या दिवशीही मोबाइल हातातून सुटत नाही, साहेबांचा फोन आला की चेहरा उतरतो. लहानसहान गोष्टींवरून मुलांवर ओरडतो, नंतर गप्प बसतो. झोप लागत नाही, किंवा पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. जेवण कमी होते, सिगारेट-गुटखा वाढतो. डोके, पाठ, पोट दुखण्याच्या तक्रारी सुरू होतात. लग्नकार्याला, दावतीला जाणे टाळतो, कारण तिथे काढून टाकलेला सोबती भेटेल. मशिदीत नमाज झाली की कोणाशी न बोलता निघून येतो.

मुले हे सर्व बघत असतात. घरात काय चालले आहे हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून ती स्वतःच अंदाज बांधतात. वर्गात अचानक गप्प झालेल्या मुलाच्या पाठीमागे कित्येकदा घरातली अशी न बोललेली काळजी असते. मुलांना हप्त्यांचा तपशील सांगायची गरज नाही. "अब्बांच्या ऑफिसात सध्या काम खूप आहे, ते दमले आहेत, तुझ्यावर रागावलेले नाहीत," एवढे सांगितले तरी मुलाच्या मनावरचे ओझे उतरते.

आता 'शुक्र कर' या शब्दांबद्दल. शुक्र मानायलाच हवे, यात दुमत नाही. पण शुक्र आणि दुःख एका मनात एकाच वेळी राहू शकतात. हजरत याकूब (अलै.) यांच्या सब्रचा दाखला आपण नेहमी देतो. त्याच सूरह यूसुफमध्ये पुत्रवियोगाच्या दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाल्याचेही सांगितले आहे. त्यांच्या रडण्याला कोणी बेसब्री म्हटले नाही. मग दमून आलेल्या मुलाने "आज फार जड गेलं" म्हटले तर त्याला नाशुक्रीचा ठपका का द्यावा?

काय करता येईल

घरच्यांनी आधी ऐकावे. सल्ला लगेच देऊ नये, दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करू नये. "आज किती जणांचं काम तुझ्यावर आलं?" असे साधे विचारले तरी माणूस बोलू लागतो. घराच्या हिशोबात पती-पत्नी दोघांनी एकत्र बसावे. नोकरी गेलीच तर किती महिने निभेल, कोणता खर्च थांबवता येईल, फंडात किती आहे, हे कागदावर मांडले की अंधारातली भीती बरीच कमी होते. या काळात नवे कर्ज, मोठ्या थाटाचे लग्न, नवी गाडी पुढे ढकलावी.

ज्याची नोकरी राहिली आहे त्याने गेलेल्या सोबत्याला टाळू नये. पहिली भेट जड जाते, पण बहुतेक वेळा तो सोबती रागावलेला नसतो, आपल्याला सर्व विसरले असे त्याला वाटत असते. त्याला फोन करावा, एखादी जागा कळली तर सांगावी. कामाच्या ठिकाणी तीन जणांचे काम एकट्यावर आले असेल तर काय आधी करायचे आणि काय नंतर, हे वरिष्ठांकडून स्पष्ट करून घ्यावे, शक्यतो लेखी. आठवड्यात एक तरी दिवस पूर्ण विश्रांतीचा ठेवावा. जमेल तसे एखादे नवे काम, नवे कौशल्य शिकत राहावे. ही नोकरी गेली तर आपण अगदीच रिकाम्या हाती नाही, हा भरवसा रात्रीची झोप परत आणायला मदत करतो.

झोप न लागणे, सतत उदास वाटणे, कशातच रस न उरणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखले तर 'टेन्शनमुळे असेल' म्हणून घरी बसू नये, लगेच दवाखान्यात जावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. "आता जगण्यात अर्थ नाही" असे कोणाच्या तोंडून निघाले तर ते बोलणे थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

आपल्या वाचकांत मालकही आहेत. कुणाचे गॅरेज आहे, कुणाची बेकरी, कुणाचे मालेगाव-भिवंडीत यंत्रमाग, कुणी शाळेच्या संस्थेवर आहेत. धंदा बसला की माणसे कमी करावी लागतात, हे समजण्यासारखे आहे. पण दोन गोष्टी मालकाच्या हातात असतात. एक म्हणजे खरे बोलणे. आणखी कपात होणार की नाही हे माहीत असेल तर सांगावे, माहीत नसेल तर तेही सांगावे. खोटा दिलासा दिला आणि पुढच्या महिन्यात आणखी दोघांना काढले, तर त्यानंतर मालकाच्या कोणत्याही शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरी गोष्ट कामाची. दहा जण जे करत होते ते सहा जणांकडून तसेच करून घ्यायचे नाही. कोणते काम बंद करायचे, कोणते कमी करायचे, हे त्या सहा जणांसमोर बसून ठरवावे. जाणाऱ्याचा हिशोब शेवटच्या पैशापर्यंत चुकता करावा. राहिलेले ते बघत असतात. उद्या आपल्या वाट्याला काय येईल, हे ते त्यावरूनच ओळखतात.

आणि आपण शेजारी, नातेवाईक? पुढच्या वेळी मोहल्ल्यात कपातीची बातमी आली तर दोन घरी जावे. ज्याची नोकरी गेली त्याच्या घरी आधी. मग ज्याची राहिली त्याच्याही घरी थोडा वेळ बसावे, चहा घ्यावा. मुबारकबाद राहू द्यावी. "तुझ्यावर काम खूप पडलं असेल ना?" एवढे विचारून त्याला बोलू द्यावे.